नुसता ओला रस्ता

अनघा,

तुझ्या मरणावर तुझ्या आईचा विश्वास बसत नव्हता. अशा वेळी सगळेच असं म्हणतात, मीही फोनवर चारजणांना म्हणाले असेन. काकूंचं तसं नव्हतं. तू सायकलवरून घसरून पडलीस आणि त्यात गेलीस, हे त्यांना खोटं वाटत होतं. त्यांच्याकडे पुरावाही होता आणि तो तुझ्याच आवाजात होता.

त्या सकाळी निघताना तू मला मेसेज बोलून पाठवलास. "ज्योती, बर्फबिर्फ काही नाहीये ग. रस्ता नुसता ओला आहे. निघाले मी." मागे दार ओढून घेतल्याचा आवाज आहे, आणि मंदार आतून काहीतरी म्हणतोय. काय ते कळत नाही. मी लगेच उत्तर लिहिलं होतं, इथल्या डच शब्दातच, आयझल आहे, दाराबाहेर पाय टाकू नकोस. ते तू बघितलं नाहीस. तोवर फोन खिशात आणि हात मोज्यांत गेले असणार.

हूफडॉर्पमध्ये तुमच्या गल्लीतून ऑफिसच्या रस्त्याला लागायचं तर कालव्यावरचा तो छोटा पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या उतारावर तू पडलीस. डोकं मागच्या बाजूने आपटलं. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी तुला बघितलं, पण त्यांनाही तुझ्यापर्यंत चालत येता येईना. गवतातून रांगत आल्या त्या. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तू गेलीस. याहून जास्त कुणालाच काही माहीत नाही, आणि एवढ्याने काकूंचं समाधान होत नव्हतं.

व्हिसा मिळून त्या संगमनेरहून पोचल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दहन होतं. पेटीत तुझा चेहरा बघून त्या रडल्या नाहीत. वाकून गाल, कपाळ, हनुवटी निरखत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "ज्योती, साधं खरचटलेलंसुद्धा नाही ग."

"काकू, मार मागे आहे."

त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची मान नव्हती. नंतर इथल्या रीतीने सगळ्यांना कॉफी आणि केक दिला. काकू कप हातात धरून बसून राहिल्या. "जाळल्यावर केक खातात?" एवढंच बोलल्या. मंदार प्रत्येकाशी हात मिळवत, आल्याबद्दल आभार मानत फिरत होता, एकदाही डोळ्याला रुमाल न लावता. काकू ते बघत होत्या. तुझा नवरा कोसळला की जास्तच नीटनेटका होतो हे तुला माहीत, मला माहीत. त्यांना कसं माहीत असणार?

तुझी आई तालुक्याच्या कोर्टात टायपिस्ट होती हे तू मला गमतीने सांगायचीस. घरी उशिरा आलीस की उलटतपासणी व्हायची वगैरे. पुढच्या आठवड्यात मी भांडी पुसायला मदत करत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "पाय घसरून विहिरीत पडली. पाय घसरून जिन्यावरून पडली. जन्मभर टाइप केलंय मी हे. घसरतात त्या सुनाच. सासू कधी घसरली नाही, नवरा कधी घसरला नाही."

"काकू, हे तसं नाही."

"कसं आहे मग? पोरगी स्वतः सांगतेय, बर्फ नाही म्हणून. गाडीने उडवलं नाही. सायकल मोडली नाही, बाहेर उभी आहे, घंटीसुद्धा वाजते तिची."

त्यांनी वाजवून बघितली होती.

त्यातच ईरा बोलून गेली की तू पडलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी आईबाबा भांडत होते. काकूंनी मंदारला समोर बसवलं. मी तिथेच होते. "भांडण कशावरून?"

"सायकलवरून," तो म्हणाला.

"भांडणही सायकलवरून, मरणही सायकलवरून," असं म्हणून काकू उठल्या. त्यानंतर त्यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याने केलेला चहा घेईनात. "त्यांना सांग, जेवायला वाढलंय," असे निरोप ईराबरोबर जायला लागले. ईराला पहिल्या दिवशी कळेचना. "व्हॉट त्यांना? हू इज त्यांना?" तू असतीस तर हसून लोळली असतीस. घरात कुणी हसलं नाही.

भांडण काय झालं ते मंदारने मला सांगितलंय. तो म्हणाला होता, उद्या घरूनच काम कर. तू म्हणालीस, हवामानवाल्यांचं दरवेळी ऐकत बसले तर मार्चपर्यंत दार उघडायला नको. मला हे खरं वाटतं, कारण वाक्य तुझंच आहे. माझं हेल्मेट बघून "काय, बॅटिंगला?" म्हणायचीस ते याच तोऱ्यात.

एका संध्याकाळी काकू मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या. तिथे थांबून त्यांनी निर्णय सांगितला. "मी ईराला घेऊन जाते. तिकीट काढायला सांगितलंय माझ्या भाच्याला. त्या माणसापाशी तिला मी ठेवणार नाही."

"काकू, तो बाप आहे तिचा."

"म्हणूनच तोंड बंद ठेवलंय अजून. पोलिसांत गेले नाही."

त्या रात्री मी जेवले नाही. मंदारला सांगितलं तर तो कागदावर सही मागितली तरी देईल असं मला वाटत होतं, इतका तो मोडला होता. ईरा तेरा वर्षांची आहे. मराठी समजतं, पण आजीशी इंग्रजी मिसळून बोलते आणि बापाला उत्तर डचमध्ये देते. ती संगमनेरला काय करेल, हे मला मांडता येईना. याद्या करणारी मी, तू म्हणायचीस की तुझ्या याद्यांचीच एक यादी कर. ही यादी झालीच नाही. काकूंना पटवायचं होतं आणि त्यासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता.

त्या शब्दावरून आपण भांडलो होतो, आठवतं? रविवारच्या मराठी वर्गात. तो कुरळ्या केसांचा मुलगा म्हणाला, टीचर, आयझलला मराठीत काय म्हणतात? तू म्हणालीस, बर्फ. तो म्हणाला, बर्फ तर आकाशातून भुरभुर पडतो तो. तू म्हणालीस, तोही बर्फच. आणि कालव्यावर जमतो तो? तोही. आणि सरबतातला? तू जरा अडखळलीस, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बर्फ!" मग पुढचा अर्धा तास जे विचारू त्याचं उत्तर बर्फ.

परतताना सायकल चालवत आपण कचाकचा भांडलो. मी म्हणाले, सरळ आयझल म्हण ना. बटाटा कुठे आपला होता? तू म्हणालीस, आज आयझल घे, उद्या वरणाला डच शब्द घेशील. मी म्हणाले, अगं दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दिसते आणि एक दिसत नाही, पोरांना फरक कळायला नको? हिम, गार, दहिवर, तू सगळं चाळलंस, एकही तिथे बसेना. "शोधते मी. तोवर बर्फच," म्हणालीस आणि पुढे निघून गेलीस. भांडण तिथेच राहिलं.

शब्दाने कुणी मरत नाही, एवढी अक्कल मला आहे. पण त्या सकाळी तू दार उघडून बर्फ शोधलास. पांढरं काही दिसलं नाही. डच बाईने आयझल शोधला असता का, मला माहीत नाही. हा विचार कपडे वाळत घालताना येतो, फोनवर बोलताना येतो. हाकलला की थोड्या वेळाने पुन्हा येतो.

मला या देशात सायकलवर तू बसवलंस. पुण्यात शाळेनंतर मी सायकलला हात लावला नव्हता. चाळिशी जवळ आलेली, आणि तू मोकळ्या मैदानात माझ्या मागून पळत होतीस. वळताना हात बाहेर काढायचा म्हणून मी काढला आणि थेट झुडपात गेले. तू पोट धरून हसलीस. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" मग काटे काढलेस माझ्या बाहीतले एकेक करून. नवऱ्याशिवाय, बसशिवाय, कुणाला न विचारता कुठेही जायची सवय मला तुझ्यामुळे लागली. पंधरा वर्षांचा संसार मी सायकलच्या पिशव्यांतून वाहिला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बरं, आता हेल्मेट काढ.

काकूंना पटवायला मी काय काय केलं ते ऐक. आधी तोंडी सांगितलं. जमीन गोठलेली असते, वरून पाऊस पडतो, तो पाऊसच असतो, आणि जमिनीला टेकला की त्याची काच होते. त्याला इथे आयझल म्हणतात. काकू म्हणाल्या, "म्हणजे बर्फ होता, पण दिसत नव्हता." माझ्याच कानांना ते साक्षीदार पढवल्यासारखं वाटलं. मग फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिले. "हा ओला रस्ता आहे, ज्योती." मग मी माझा केक भाजायचा पत्रा फ्रीझरमध्ये ठेवला, त्यांना घरी बोलावलं आणि झाडांवर मारायच्या बाटलीने त्यावर पाणी फवारलं. पाणी तिथल्या तिथे गोठलं. मी म्हणाले, बोट फिरवा. त्यांनी फिरवलं. बोट सरकलं.

"हे तू फ्रीजमध्ये केलंस," त्या म्हणाल्या. "रस्ता काय फ्रीजमध्ये होता?"

"हो काकू. तेच सांगतेय."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मीही त्याला सामील आहे. पत्रा मी सिंकमध्ये ठेवला. त्यावरचा थर वितळताना बारीक तडकल्याचा आवाज येत होता आणि आम्ही दोघी तो ऐकत उभ्या राहिलो.

जायचे दिवस जवळ आले. ईराची बॅग काकूंनी भरायला घेतली. ईरा ती रोज शाळेतून आल्यावर उपसायची आणि कपडे परत कपाटात लावायची, न बोलता. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा भरायच्या, त्याही न बोलता. मंदार दोघींच्या मधून ऑफिसचा लॅपटॉप घेऊन जिना चढायचा.

मग सलग कडाक्याची थंडी पडली. कालवा काळा झाला, बदकं एका कोपऱ्यात गोळा झाली. आणि एका सकाळी फोनवर हवामानवाल्यांचा नारिंगी इशारा आला, पहाटेपासून पाऊस. मी खिडकी उघडली. बाहेर चिटपाखरू नव्हतं. पाऊस पडतोय हे रस्त्याकडे बघून कळत नव्हतं, फक्त झाडांच्या फांद्या एकमेकींना लागून काचेच्या बांगड्यांसारख्या वाजत होत्या. मी मंदारला फोन केला, ईराला शाळेत सोडू नकोस.

"ती झोपलीय अजून. आई खाली असतील, त्यांना सांगतो," तो म्हणाला. मग जिन्यावरची पावलं, दारं उघडल्याचे आवाज. मग तो म्हणाला, "ज्योती, आईंचे बूट नाहीयेत."

काकू रोज सकाळी त्या पुलापर्यंत चालत जायच्या. आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं.

मी बुटांवरून लोकरीचे मोजे चढवले, इथली म्हातारी माणसं करतात तसं, आणि रस्ता सोडून गवताच्या कडेने निघाले. प्रत्येक पावलाला गवत मोडत होतं. पुलाजवळ पोचले तेव्हा उजाडत होतं. काकू पुलाच्या मधोमध उभ्या होत्या. साडीवर तुझा जाड कोट, पायात पांढरे बूट, दोन्ही हात कठड्याला.

"ज्योती, पुढे येऊ नकोस," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "इथे काहीतरी आहे."

"काय आहे, काकू?"

"दिसत नाहीये."

त्या जिथे होत्या तिथून त्यांना पुढेही येता येईना आणि मागेही. मी म्हणाले, हलू नका, कठडा सोडू नका. तेवढ्यात पलीकडून मंदार आला. घरातल्या सपाता घालून, धावत. मी ओरडले. तो उताराला लागला आणि पाय त्याच्या पुढे गेले. पडतानाचा आवाज मी अजून विसरले नाही. माणूस पडल्याचा नव्हता तो. कुणीतरी पोतं टाकल्यासारखा होता. तो उताणा पडून राहिला.

"मंदार!"

ती हाक काकूंची होती. त्यांनी कठडा सोडला, गुडघ्यांवर बसल्या आणि हातांवर, गुडघ्यांवर रांगत त्याच्याकडे गेल्या. साडी भिजली, कोटाचा घोळ खाली फरफटत होता. "डोकं? डोकं आपटलं का? डोळे उघड. उघड बघू."

"कोपर," तो म्हणाला. "कोपर आहे आई. डोकं नाही."

त्यांनी त्याच्या डोक्याखाली आधी हात घातला आणि सगळीकडून चाचपून बघितलं. मागून, कानामागून, मानेवरून. मग तो हात त्यांनी काढून घेतला नाही. तशाच बसून त्या पुलाकडे बघत राहिल्या. त्याच्या पडण्याची खूण कुठेच नव्हती. रस्ता चकचकीत, काळा, जसा पावसाळ्यात कुठेही दिसेल तसा.

"नुसता ओला दिसतोय," काकू म्हणाल्या.

मंदार तेव्हा रडला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. तिथे, पाठीवर पडून, सासूच्या हातावर डोकं ठेवून. मी कडेला गवतात उभी होते आणि दोघांपर्यंत पोचू शकत नव्हते. बरंच झालं म्हणायचं.

मग काकू एकदम म्हणाल्या, "ईरा?"

घरात ती एकटी होती. मी फोन लावला, स्पीकरवर. ती उठली होती, खात होती. मी म्हणाले, आजी बोलतेय. ती म्हणाली, "व्हेअर इज एव्हरीबडी? मी निघतेय. उशीर होतोय."

"निघू नकोस," काकू तिथूनच ओरडल्या.

"पण आजी, स्नो नाहीये. मी बघितलं. इट्स जस्ट वेट."

तुझाच आवाज होता तो, फक्त भाषा दुसरी. मग काकू म्हणाल्या, एकेक अक्षर सुटं करून, कोर्टात टाइप करताना मनात म्हणत असतील तसं, "आ-य-झ-ल. आयझल आहे बाहेर. दाराला हात लावायचा नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ओके," ईरा म्हणाली. "ओके, आजी. तुम्ही कुठे आहात?"

 

त्या परवा परत गेल्या. एकट्या गेल्या, अनघा. ईराचं तिकीट रद्द केलं. माफी वगैरे कुणी कुणाची मागितली नाही, तुला ठाऊक आहे आपली माणसं. विमानतळावर त्या मंदारला म्हणाल्या, "कोपराला शेक द्या रोज." आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता मला कळलं ती कशी गेली. आधी बरं होतं ग. आधी निदान कुणीतरी केलेलं होतं."

त्यावर काय बोलायचं, ते तुला विचारलं असतं.

आज सकाळी ईरा तू गेल्यानंतर पहिल्यांदा सायकलने शाळेत निघाली. आकाश स्वच्छ होतं, रस्ता कोरडा होता, हिवाळा मात्र अजून शिल्लक आहे आणि शनिवारी पुन्हा पावसाचं सांगितलंय. मंदारने अडवलं नाही. मला फक्त फोन केला, "निघाली." मी कोट चढवून कालव्याशी गेले आणि झाडामागे थांबले, तिला दिसू नये अशी. ती आली. पुलाजवळ मला वाटलं उतरेल, सायकल हातात धरून नेईल. उतरली नाही. सीटवरून उठून, पायडलवर जोर देत, तशीच चढावाला लागली, केस मोकळे, डोकं उघडं. मी हाक मारणार होते. पण हाक ऐकून तिने मान वळवली असती, म्हणून तोंडावर हात ठेवून उभी राहिले.